तिरुवल्लिकेणी : एक गाव आणि दोन वाडे

भारतातील बहुतेक महानगरे भोवतालची गावे पोटात घेऊन मोठी झाली आहेत. गावे नाहीशी होतात, त्यांची नावे मात्र मागे राहतात. मुंबईतील गिरगाव, माझगाव, परळ, वरळी ही नावे रोज लक्षावधी लोकांच्या तोंडी असतात. परंतु त्या नावांमागचे मूळ गाव सहसा कोणाला दिसत नाही. चेन्नई शहरातील तिरुवल्लिकेणी हे असेच एक नाव होय. इंग्रजांनी आपल्या जिभेच्या सोयीने त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ केले आणि तेही रूप अद्याप रूढ आहे. आज या भागात पाऊल ठेवावे तर अरुंद रस्ते, दुकानांच्या ओळी, खाणावळी आणि वाहनांची वर्दळ यांनी माणूस गोंधळून जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वी मात्र हे समुद्राकाठचे एक शांत खेडे होते. त्या शांततेच्या ओढीने सत्ताधाऱ्यांनी या परिसरात आपली घरे बांधली. त्या घरांचे पुढे काय झाले आणि गावाचे काय झाले, हे समजून घेतले म्हणजे जुन्या वास्तूकडे पाहण्याची एक नवी दृष्टी लाभते.

कुमुदांच्या तळ्याचे गाव

तिरुवल्लिकेणी या नावातच गावाचा परिचय सामावलेला आहे. तमिळ भाषेत ‘तिरु’ म्हणजे श्री किंवा पवित्र, ‘अल्लि’ म्हणजे कुमुद आणि ‘केणि’ म्हणजे तळे अथवा विहीर. कुमुदांनी भरलेले पवित्र तळे, असा या नावाचा अर्थ होतो. संस्कृतात कुमुदाला ‘कैरव’ असेही म्हणतात. म्हणून येथील मंदिराच्या तळ्याला ‘कैरविणी’ हे नाव मिळाले. एकाच तळ्याची ही दोन नावे दोन भाषांमध्ये तीच गोष्ट सांगतात. कोकणात आणि गोव्यात देवळासमोर तळी असते, तिच्या पायऱ्यांवर गाव जमते आणि पावसाचे पाणी मुरून आसपासच्या विहिरी भरलेल्या राहतात. तमिळ प्रदेशातील मंदिराच्या तळ्यांचे कार्यही असेच आहे. तळे हे केवळ स्नानाचे तीर्थ नव्हते. पाण्याची साठवण हा गावाच्या अस्तित्वाचा पाया होता.

तळ्याकाठचे पार्थसारथी मंदिर हे वैष्णवांच्या १०८ दिव्यस्थानांपैकी एक मानले जाते. आळ्वार संतांनी त्याचा गौरव केला आहे. पल्लव राजा दंतिवर्मा याच्या काळातील शिलालेख येथे असल्यामुळे मंदिराचे प्राचीनत्व किमान बाराशे वर्षांइतके ठरते. येथील देव म्हणजे अर्जुनाचा सारथी झालेला श्रीकृष्ण. गाभाऱ्यातील मूर्तीला मिशा आहेत आणि हाती सुदर्शन चक्र नाही, कारण भारतीय युद्धात शस्त्र न धरण्याची त्याची प्रतिज्ञा होती. उत्सवमूर्तीच्या मुखावरील खुणा भीष्माच्या बाणांच्या आहेत, अशी भाविकांची श्रद्धा आहे. विठ्ठलाच्या मूर्तीकडे पाहताना वारकऱ्याला पुंडलिकाची कथा आठवते. त्याचप्रमाणे येथील भक्ताला मूर्ती पाहताना कुरुक्षेत्र आठवते.

इ. स. १६३९ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला या किनाऱ्यावर वखारीसाठी जागा मिळाली आणि तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. किल्ल्याच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर, कूवम नदीच्या पलीकडे, तिरुवल्लिकेणी होते. १६७६ मध्ये गोवळकोंड्याच्या सुलतानाकडून हे गाव कंपनीकडे आले. कंपनीने किल्ल्याबाहेर मिळवलेल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांची दक्षिणेतील मोहीम जिंजी आणि वेल्लोरच्या मुलखात पोहोचली. महाराजांनी मागितलेली औषधी द्रव्ये किल्ल्यातील इंग्रजांनी मूल्य न घेता पाठवली आणि सलोखा राखला. तटाबाहेरची गावे किती असुरक्षित होती, याची जाणीव त्यांना होती, असे यावरून म्हणता येते.

तटाबाहेरचे घर

किल्ल्यातील जीवन सोयीचे असले तरी सुखाचे नव्हते. तटबंदीच्या आत गोदामे, कचेऱ्या आणि शिपायांच्या बराकी यांची दाटी होती. उन्हाळ्यात हवा कोंडून राही. म्हणून गव्हर्नर आणि श्रीमंत व्यापारी किल्ल्याबाहेर, झाडीत आणि मोकळ्या वाऱ्यावर घरे बांधू लागले. या घरांना ते ‘बागेतील घर’ म्हणत. मराठीत त्यांना उद्यानगृह म्हणणे योग्य ठरेल. दिवसभर किल्ल्यात काम करावे आणि संध्याकाळी उद्यानगृहात विसावा घ्यावा, असा क्रम रूढ झाला.

१७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले आणि १७४९ मध्ये तहानुसार ते इंग्रजांना परत मिळाले. मधल्या काळात कंपनीचे जुने उद्यानगृह फ्रेंचांनी नष्ट केले होते. तेव्हा गव्हर्नर टॉमस सॉन्डर्स यांच्या कारकिर्दीत कंपनीने तिरुवल्लिकेणीच्या बाजूला, कूवमच्या दक्षिण काठी असलेले एक घर पाहिले. अँटोनिया द मादेइरोस या पोर्तुगीज व्यापारी घराण्यातील स्त्रीचे ते घर होते. १७५३ मध्ये ३,५०० होन देऊन कंपनीने ते विकत घेतले. हेच पुढे मद्रासच्या गव्हर्नरांचे निवासस्थान, म्हणजे ‘गव्हर्नमेंट हाउस’ झाले.

अशा घरांच्या बांधणीत स्थानिक कारागिरांचे कौशल्य मोलाचे होते. जाड विटांच्या भिंती, उंच छत, सभोवार खांबांची ओसरी आणि सपाट गच्ची ही त्यांची लक्षणे होत. समुद्राच्या शिंपल्यांपासून केलेला मद्रासचा चुना घोटून घोटून इतका गुळगुळीत करीत, की खांब संगमरवरी वाटत. ओसरीच्या सावलीमुळे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नसे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा घरभर खेळे.

परंतु तटाबाहेरच्या शांततेला किंमत द्यावी लागे. १७५८ च्या अखेरीस फ्रेंच सेनापती लाली याने मद्रासला वेढा घातला, तेव्हा हे घर शत्रूच्या हाती सापडून त्याची नासधूस झाली. १७६७ मध्ये हैदर अलीचे घोडदळ शहराबाहेरच्या उद्यानगृहांपर्यंत धडकले. किल्ल्यातील माणूस गर्दीत, पण सुरक्षित राही; गावातील घरात तो मोकळा, पण उघडा पडे. म्हैसूरकडून असलेला धोका १७९९ मध्ये संपुष्टात आल्यानंतरच या घरात निर्धास्तपणे राहता येऊ लागले.

त्याच सुमारास रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड क्लाइव्ह हा मद्रासचा गव्हर्नर होता. त्याने घराचा विस्तार केला आणि शेजारी मेजवान्यांसाठी एक भव्य दालन बांधवले. १८०२ मध्ये पूर्ण झालेल्या या दालनाचा आराखडा जॉन गोल्डिंगहॅम याचा होता. तो कंपनीच्या मद्रास येथील वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ होता, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. रुंद जिना आणि उंच खांबांच्या रांगा यांमुळे हे दालन ग्रीक मंदिरासारखे दिसते. प्लासी आणि श्रीरंगपट्टण येथील विजयांचे ते स्मारक होते. विसाव्यासाठी घेतलेले घर आता सत्तेचे वैभव दाखवण्यासाठी उभे राहिले.

नवाबाचा वाडा

गावाकडे येणारे इंग्रज एकटे नव्हते. कर्नाटकचा नवाब मुहम्मद अली वालाजाह यालाही अर्काटपेक्षा मद्रासच्या तोफांच्या छायेत राहणे अधिक सुरक्षित वाटले. त्याने तिरुवल्लिकेणीच्या समुद्राकडील बाजूस, चेपॉक येथे, १७६८ मध्ये राजवाडा बांधवला. कमानी, घुमट आणि मिनार यांचा मेळ घालणाऱ्या या वाड्याला भारतातील इंडो-सारासेनिक शैलीच्या आरंभीच्या वास्तूंमध्ये महत्त्वाचे स्थान दिले जाते. वाड्याभोवती विस्तीर्ण आवार होते.

राजा येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याच्यामागून सरदार, कारकून, शिपाई, हकीम, शिंपी, अत्तरवाले आणि आचारी आले. मंदिराभोवतीच्या तमिळ वस्तीशेजारी उर्दू बोलणारी वस्ती वाढली. १७९५ मध्ये नवाबाच्या घराण्याने येथे करड्या दगडाची मोठी मशीद उभारली. तिच्या बांधकामाचा काळ सांगणारी फारसी ओळ राजा मक्खनलाल या हिंदू अधिकाऱ्याने रचली. मशिदीतील किब्ल्याच्या बाजूच्या दगडावर ती कोरलेली आहे.

नवाबाचे वैभव मात्र कर्जावर उभे होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांकडून घेतलेले कर्ज वाढत गेले, १८०१ मध्ये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये शेवटचा नवाब वारसाविना मरण पावल्यावर पदही संपले. वाडा सरकारच्या ताब्यात आला. तेथे कचेऱ्या थाटल्या गेल्या, आवाराच्या काही भागावर क्रिकेटचे मैदान झाले, आणि आज ‘चेपॉक’ म्हटले की देशभरच्या लोकांना वाड्याऐवजी क्रिकेट आठवते.

शांतता कोठे गेली?

गव्हर्नर आणि नवाब हे दोघेही गावाच्या शांततेसाठी आले होते. परंतु मोठे घर बांधले की त्याला रुंद रस्ता लागतो. रस्त्यासाठी नदीवर पूल लागतो. घरात शंभर नोकर असले की त्यांच्या राहण्याला वस्ती लागते आणि वस्तीला बाजार लागतो. गव्हर्नर राहतो तेथे जवळपास घर असावे, असे इतर अधिकाऱ्यांना वाटू लागते. अशा रीतीने ज्या शांततेसाठी घर बांधले, ती शांतता त्या घरामुळेच हळूहळू संपते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ही शहराच्या वाढीची रीत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा गव्हर्नरांच्या वागणुकीतच सापडतो. टॉमस मन्रो हे १८२० ते १८२७ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत शहरापासून आणखी दूर, गिंडीच्या झाडीत, दुसरे उद्यानगृह घेण्यात आले. म्हणजे जे घर एकेकाळी शहराबाहेरचा विसावा होते, तेच आता शहरातले घर झाले होते, आणि त्याच्या गजबजाटापासून दूर जाण्यासाठी नवे घर शोधावे लागले होते. पुढे उन्हाळ्यात उटीलाही जावे लागू लागले. शांतता पुढे पुढे सरकत होती आणि सत्ता तिचा पाठलाग करीत होती.

समुद्रही बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उत्तरेला मद्रासचे कृत्रिम बंदर बांधण्यात आले. किनाऱ्याला समांतर वाहत येणारी वाळू बंदराच्या भिंतीमुळे दक्षिणेच्या बाजूला साचू लागली आणि पूर्वी वस्तीजवळ येणारे पाणी दूर गेले. त्या वाळूतूनच आजचा विस्तीर्ण मरीना किनारा तयार झाला. शहराला फिरायला जागा मिळाली. गावाने मात्र आपला समुद्र थोडा दूर गेलेला पाहिला. त्याच वाळूवर पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या सभा भरू लागल्या आणि तेथील सभास्थान लोकमान्य टिळकांच्या नावाने ओळखले गेले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर टिळकांचे नाव एका वाळवंटाला मिळावे, यावरून त्यांच्या प्रभावाची व्याप्ती लक्षात येते. टिळकांना मानणारे महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचे अखेरचे वास्तव्य तिरुवल्लिकेणीतच होते. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. मंदिराजवळचे त्यांचे घर आता स्मारक म्हणून जतन केले आहे.

घर गेले, दालन राहिले

१९४७ मध्ये स्वातंत्र्य आले. गव्हर्नरांचे निवासस्थान कायमचे गिंडीला गेले. जुने गव्हर्नमेंट हाउस विविध सरकारी कामांसाठी वापरले जाऊ लागले, पण त्याला पुन्हा आपले असे कोणी मिळाले नाही. २००८ च्या सुमारास, राज्याच्या नव्या विधानसभा-सचिवालयाच्या इमारतीसाठी, अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास असलेले हे घर पाडण्यात आले. मार्च २०१० मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. पुढील वर्षी सत्तांतर झाल्यावर विधानसभा पुन्हा सेंट जॉर्ज किल्ल्यात परतली आणि २०१४ मध्ये त्या नव्या इमारतीत सरकारी रुग्णालय सुरू झाले. ज्या कारणासाठी जुने घर पाडले, ते कारण काही महिन्यांतच उरले नाही. आज तेथे हजारो गरजू रुग्णांवर उपचार होतात, ही समाधानाची बाब आहे. पण पाडलेले घर परत येत नाही.

शेजारचे मेजवानीचे दालन मात्र टिकून आहे. परक्या सत्तेच्या विजयाचे हे स्मारक का टिकले असावे? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या नंतरच्या इतिहासात आहे. १९३८-३९ मध्ये, चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, लोकांनी निवडलेली विधानसभा या दालनात भरत असे. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘राजाजी हॉल’ हे नाव मिळाले. १९६९ मध्ये अण्णादुराई, १९७२ मध्ये स्वतः राजाजी, १९८७ मध्ये एम. जी. रामचंद्रन, २०१६ मध्ये जयललिता आणि २०१८ मध्ये करुणानिधी यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच दालनाच्या पायऱ्यांवर ठेवण्यात आले. ज्या पायऱ्या निमंत्रित पाहुण्यांसाठी बांधल्या होत्या, त्यांच्यासमोर सामान्य माणसांच्या रांगा लागल्या. लोकांनी आपल्या दुःखाची जागा म्हणून ते दालन आपलेसे केले. म्हणून ते इतिहासात राहिले आणि वर्तमानातही राहिले.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. मुंबईच्या गव्हर्नरांचे उद्यानगृह परळला होते. परळ तेव्हा बागा आणि तळ्यांचे गाव होते. पुढे भोवती गिरण्या उभ्या राहिल्या, रोगराई वाढली आणि गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार टेकडीच्या टोकाला गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९९ मध्ये परळच्या त्या रिकाम्या घरात डॉ. हाफकिन यांची प्लेग प्रतिबंधक लसीची प्रयोगशाळा सुरू झाली. आज तीच हाफकिन संस्था होय. पुण्याजवळ गणेशखिंडीला गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि ती इमारत विद्यापीठाची झाली. ज्या घरात साहेबांच्या मेजवान्या होत, तेथे शेतकऱ्यांची मुले पदव्यांसाठी येऊ लागली. दोन्ही घरांचे मूळ मालक गेले, परंतु नवे काम मिळाल्यामुळे ती घरे टिकली.

तिरुवल्लिकेणीत काय पाहावे?

या भागाला भेट देणाऱ्याने सकाळी लवकर निघावे. वाहने वाढण्यापूर्वीच्या तासाभरात गावाचा मूळ आवाज थोडाफार ऐकू येतो. ‘गव्हर्नमेंट इस्टेट’ या मेट्रो स्थानकाजवळून आरंभ केल्यास जुन्या उद्यानगृहाचे आवार ओळखता येते. स्थानकाच्या नावातच ते आवार जपले गेले आहे. राजाजी हॉल बाहेरून पाहावा आणि त्याच्या शेजारची रिकामी झालेली जागा मनाने भरून काढावी. तेथून पूर्वेला चेपॉकचा वाडा आहे. त्यातील कलस महाल २०१२ च्या जानेवारीत आगीत जळाला. नंतर त्याची डागडुजी झाली आणि तो पुन्हा वापरात आला. मोठ्या मशिदीच्या विस्तीर्ण अंगणात रमजानच्या संध्याकाळी उपवास सोडणाऱ्यांना मयिलापूरच्या एका न्यासाचे हिंदू स्वयंसेवक अनेक वर्षांपासून जेवण वाढतात.

पुढील गल्ल्यांत ‘मॅन्शन’ अशी पाटी ठिकठिकाणी दिसते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ हवेली किंवा मोठा वाडा असा आहे. तिरुवल्लिकेणीत मात्र मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांसाठी भाड्याच्या लहानलहान खोल्यांची इमारत. तमिळनाडूच्या गावोगावांहून नोकरीसाठी आलेले तरुण येथे राहतात आणि जवळच्या खाणावळीत जेवतात. गिरगाव-परळच्या चाळींतील एका खोलीत दहा-बारा गाववाल्यांसह राहून ज्यांनी मुंबई उभी केली, त्यांची आठवण मराठी माणसाला येथे येईल. गव्हर्नराच्या आणि नवाबाच्या वाड्यांच्या गावात ‘वाडा’ हा शब्द शेवटी कष्टकऱ्यांच्या खोलीला मिळाला, हा भाषेने केलेला न्याय आहे.

अखेरीस मंदिराच्या तळ्याशी यावे. तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेली वृद्ध माणसे, फुलांचे हार ओवणाऱ्या स्त्रिया, माड वीथीतील घरांसमोर पहाटे काढलेली कोलम, म्हणजे आपल्याकडील रांगोळी, आणि उत्सवात तळ्यावर फिरणारी देवाची तराफ्यावरील स्वारी, हे सारे नवाब आणि गव्हर्नर येण्यापूर्वीपासून चालत आलेल्या जीवनक्रमाचे भाग आहेत. भेट देणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे. गल्लीतील घरे म्हणजे संग्रहालय नव्हे. तेथे माणसे राहतात. दारात डोकावण्यापूर्वी किंवा छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. विचारणाऱ्याला तेथील लोक बहुधा माहितीच नव्हे, तर पाणीही देतात.

तिरुवल्लिकेणीत राजे आणि गव्हर्नर विसाव्याला आले, त्यांनी वाडे बांधले आणि ते निघून गेले. एक वाडा कचेऱ्यांनी टिकवला, एक पाडला गेला, एक दालन लोकांच्या अश्रूंनी आपले केले. तळे मात्र कोणी विसाव्यासाठी खणले नव्हते. ते रोजच्या गरजेसाठी होते आणि रोज वापरले गेले. म्हणूनच गावाचे नाव कोणत्याही वाड्यावरून न पडता त्या तळ्यावरून पडले, आणि शहराने सर्व बाजूंनी वेढल्यावरही तेच नाव टिकून राहिले. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी पैसा आणि कायदा ही दोन्ही आवश्यक आहेत. परंतु भोवतालच्या माणसांना त्या वास्तूची गरज वाटणे हे त्यांहून अधिक आवश्यक आहे. आपल्या गावातील एखादा पडका वाडा, बारव किंवा धर्मशाळा पाहताना तिच्या वयाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आज तिचा उपयोग कोणाला आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाजवळ आहे, त्या गावाची वास्तू टिकण्याची आशा बाळगता येते.